हरलेल्या मेयरच्या घरासमोरचा माणूस

ती सकाळ अजून डोळ्यांपुढे येते, आणि येते ती धुक्यातूनच. मिशिगनमधला नोव्हेंबर. डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय शहराच्या पलीकडचं आमचं छोटं गाव तळ्यावरून आलेल्या धुक्यात असं बुडालं होतं, की घरांची नुसती छपरं तरंगताना दिसत. त्या गावच्या पोलीस खात्यात मी सार्जंट होतो. आसपासची सगळी मराठी मंडळी मोटार कंपन्यांत इंजिनिअर. इंजिनिअरिंग सोडून पोलिसात गेलेला मी एकटाच. त्यामुळे कुणाचं काही अडलं की ९११ या तातडीच्या नंबराआधी माझा मोबाइल वाजायचा.

आदल्या दिवशी मेयरची निवडणूक झाली होती. ती पाहायला परदेशातून निवडणूक अधिकाऱ्यांचं एक पथक आलं होतं. देशाचं नाव सांगत नाही. तिथे निवडणुका अगदी वेळेवर होतात, फक्त निकाल त्याच्याही आधी लागलेला असतो. लोकशाही कशी चालते ते दाखवायला एका संस्थेने या लोकांना आणलं होतं, आणि त्यांच्या सुरक्षेची ड्यूटी माझ्याकडे होती. मी त्यांना मतदान केंद्र दाखवलं, मोजणी दाखवली, वर छोटंसं भाषणही ठोकलं. खुर्चीवरच्या मेयरबाई थोडक्यात हरल्या. हार्डवेअरचं दुकान चालवणारा एक गृहस्थ निवडून आला.

सकाळी हॉटेलवर हजेरी घेतली तर एक अधिकारी कमी.

पथकाचे प्रमुख त्यांच्याकडचे उपसचिव होते. कॉफी ढवळत त्यांनी शांतपणे सांगितलं, "दुपारी बस विमानतळाकडे निघेल. तोवर तो आला नाही, तर पळून गेला असं मी कळवणार. मग त्याच्या बायको-मुलींकडे आमचे लोक बघतील."

नोकरीत मी पुष्कळ धमक्या ऐकल्या. इतकी सभ्य एकही नव्हती.

मी लगेच तर्क लढवला, की माणूस आश्रय मागायला डेट्रॉइटकडे पळाला असणार. बस स्टँड गाठला. तिथे कोट-टाय, हातात बॅग, चेहरा घाबरलेला, असा एक जण सापडलाच. त्याला बाजूला घेऊन कसून चौकशी केली. तो निघाला ओहायोचा, व्हॅक्युम क्लीनर विकणारा. चौकशी संपली तेव्हा मी एक व्हॅक्युम क्लीनर बुक केला होता.

या गडबडीत ओळखीच्या एका काकूंचा फोन दोनदा आला आणि मी तो दोन्ही वेळा कापला. काकू खारींपासून शेजाऱ्याच्या वाळक्या पानांपर्यंत कशाचीही तक्रार माझ्याकडे नोंदवत. आज खारींना वेळ नव्हता.

हॉटेलवर परतून बेपत्ता माणसाच्या खोलीतल्या सोबत्याला गाठलं. वयस्कर गृहस्थ, उकडलेलं अंडं सोलत बसले होते. जबाब घेताना माझी एक युक्ती असे: प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. समोरच्याला शांतता सोसत नाही, तो बोलून टाकतो. पण गप्प बसायचं शिक्षण त्यांच्या देशात माझ्याहून फार चांगलं मिळतं. त्यांचं अंडं सोलून झालं, तरी शब्द नाही. शेवटी मलाच राहवेना.

"आजोबा, मलाही मुली आहेत हो."

त्यांनी अंडं बशीत ठेवलं. म्हणाले, "हरलेली बाई कुठे राहते, ते त्याने काल ड्रायव्हरला विचारलं."

मी गाडीकडे धावलो. हा तिच्या जिवावर उठलाय की काय? तेवढ्यात काकूंचा तिसरा फोन.

"अरे, फोन काय कापतोस सारखा? समोर मेयरचं घर आहे ना, तिकडे डोळे लावून एक माणूस सकाळपासून आमच्या पायरीवर बसलाय. सुटाबुटात."

"काकू, ९११ला कॉल का नाही केलात?"

"ते सायरन वाजवत येतात! बिचारा कुडकुडत होता. आल्याचा चहा दिलाय. तू गपचूप ये."

मी गपचूप गेलो. तो खरोखरच पायरीवर होता, दोन्ही हातांत कप धरून. माझा गणवेश पाहून दचकलाही नाही. मोडक्या इंग्रजीत कुजबुजला, "बसा. गाडी अजून आली नाही."

"कसली गाडी?"

"तिला न्यायला येणारी." त्याने कप पायरीवर ठेवला. "आमच्या जिल्ह्यात गेल्या खेपेला जो हरला, त्याच्या दारात सकाळीच गाडी आली. मोजणीवर सही माझी होती. पुढे काय झालं ते बघायला मी गेलो नाही."

मी शेजारी बसलो. समोरचं दार उघडलं. नवऱ्याचं जाकीट आणि घरातल्या सपाता घालून मेयरबाई अंगणात आल्या आणि स्वतःच्या प्रचाराच्या पाट्या उपटू लागल्या. एकेक पाटी धुक्यातून वर येई आणि त्यांच्या काखेत जाई. मग रस्त्याच्या टोकाला दोन पिवळे दिवे उगवले आणि हळूहळू एक पिकअप ट्रक झाले. शेजारच्या माणसाने माझी बाही घट्ट धरली.

ट्रकमधून हार्डवेअरवाला उतरला.

"कोपऱ्यावरच्या मी काढतो," तो बाईंना म्हणाला. "आणि गावाच्या बर्फ काढायच्या गाड्यांच्या किल्ल्या कुठे असतात गं?"

"ऑफिसात. जुन्या गाडीचा ब्रेक आधी दाखवून घे. आणि पाट्या नीट रच, पुढच्या वेळी लागतील मला."

दोघं हसले. बाही सुटली. तो माणूस मात्र तसाच बघत राहिला. स्वप्नात आपण बघतो तसा, मान न वळवता.

हॉटेलवर बस सुरू होऊन उभी होती. मी उपसचिवांना सांगितलं, "चूक माझी. ह्यांना पहाटे मीच फिरायला नेलं, धुक्यात चुकामूक झाली आणि सकाळी तुम्हाला सांगायची लाज वाटली." त्यांनी संशयाने बसपाशी ड्यूटीवर असलेल्या माझ्या सहकारी पोलिसाकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. "सार्जंट आहेत ते. आज सकाळी ड्यूटीवर असताना व्हॅक्युम क्लीनर बुक करून आलेत." अशी बिनतोड साक्ष मी कोर्टातही ऐकली नाही.

बसच्या पायरीवर तो वळला. "तिच्या घरावर पहारा का नव्हता?"

गावचा पोलीस मी, म्हणजे उत्तरही मीच द्यायचं. संविधान, न्यायालयं, सगळं घशापर्यंत आलं. तोंडातून निघालं एवढंच: "कुणाला सुचलंच नाही."

त्याने ते शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले आणि आत गेला.

आम्ही त्याला पेट्या, सील, मोजणीची यंत्रं दाखवली होती. ती कुठल्याही देशात पाठवता येतात. कुणाला न सुचणं कसं पाठवायचं, हे त्याला बोलावणाऱ्या संस्थेला ठाऊक नव्हतं आणि मलाही नाही. पुढच्या मोजणीवर त्याचीच सही होणार होती. त्याने ती कशी केली, ते मला कधीच कळलं नाही. पण तेव्हापासून कुठल्याही देशाच्या निवडणुकीची बातमी आली, की कोण जिंकलं हे मी नंतर बघतो. हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे आहे, ते आधी शोधतो.