त्या अंगणात मिळालेला सायलेन्सर

देवीवर तुमचा विश्वास आहे का, असं त्या दिवसांत मला कुणी विचारलं असतं तर मला धड उत्तर देता आलं नसतं. वर्षातून एकदा वज्रेश्वरीला जायचो, नारळ फोडायचो, गरम कुंडात अंघोळ करायचो आणि घरी आलो की विसरून जायचो. सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत मी कामतघरच्या कापड कारखान्यात जॉबर होतो, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करून चालू करून देणारा. आमची मुलगी जन्माला आली तीच डावं पाऊल आत वळलेलं घेऊन. दर आठवड्याला प्लास्टर बदलत राहिलात तर पाऊल सरळ होईल, मध्ये खंड पडला तर पुन्हा वळेल, असं ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. एसटीने ठाणं गाठायचं तर सगळा दिवस जायचा, शिफ्ट बुडायची. आणखी एक खाडा झाला तर दुसरा जॉबर ठेवीन, असं शेठने मला स्वच्छ सांगून टाकलं होतं.

सुरतेच्या मेव्हण्याने आमची ही ओढाताण पाहिली आणि स्वतःची जुनी मोटारसायकल मला देऊन टाकली. पण गाडी गुजरातची. इथला नंबर मिळायचा तर ठाण्याच्या आरटीओत पासिंग, म्हणजे तपासणी करून घ्यावी लागणार. तिथल्या साहेबांनी ब्रेक पाहिले, दिवा पाहिला, हॉर्न वाजवून पाहिला आणि सायलेन्सरपाशी येऊन थांबले. गाडीचा मूळचा सायलेन्सर कधीच सडून गेला होता. मेव्हण्याने बाजारातला मोठ्या तोंडाचा बसवला होता, त्याच्या आवाजाने आमच्या चाळीतली कबुतरं उडायची. "हा चालणार नाही," साहेब म्हणाले, "महिन्याच्या आत कंपनीचा लावून आणा." त्यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पण कंपनीने ते मॉडेलच बंद केलेलं! मी ठाणं पालथं घातलं, मुंबईचा भंगारबाजार पालथा घातला. मुदत संपत आली तसा आमच्या गफूरभाई मेकॅनिकने त्याच सायलेन्सरच्या आत जाळी आणि पत्रे ठोकून आवाज थोडा दाबून दिला. "अपने हाथ में इतनाही था," ते म्हणाले, "आगे ऊपरवाला जाने."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मुलीच्या प्लास्टरचाही तोच दिवस होता, म्हणून बायको तिला मांडीवर घेऊन मागे बसली होती. पासिंग झालं नाही तर गाडी घरी उभी राहणार होती आणि मग नोकरी की मुलीचं पाऊल, एवढंच ठरवायचं उरणार होतं. पूर्णा गावाजवळ खड्ड्यात गाडी आदळली आणि खाडकन आवाज झाला. सायलेन्सर जोडाशीच तुटून रस्त्यावर घासत होता आणि उघड्या नळीतून इंजिन नुसतं गर्जत होतं. मी गाडी बंद केली. उतरून पाहिलं तर पत्रा असा फाटलेला की तिथे वेल्डिंगही धरणार नाही.  बायको मुलीला उराशी धरून उभी राहिली. मी रस्त्याच्या कडेला बसलो. मनात नवस आला नाही, प्रार्थनाही आली नाही. एवढंच आलं, की आई, माझं सगळं करून झालं, आता तूच बघ. आयुष्यात पहिल्यांदा मी ते मनापासून म्हटलं असेन.

तेवढ्यात समोरच्या घरातून एक म्हातारी धावत बाहेर आली. पदर सुटलेला, पायात काही नाही. "बाला, आलास?" असं ओरडत ती अंगणाच्या टोकापर्यंत आली, माझ्याकडे पाहिलं आणि जागच्या जागी थिजली. तिच्यामागून म्हातारबाबा आले. त्यांनी तिला धरलं, मग गाडीकडे निरखून पाहिलं.

"भाऊ, ही गाडी तुजी हाय?"

"हो बाबा."

"आमच्या पोराची अशीच व्हती. काविळीनं गेला त्यो. रातपाळी करून या येलेलाच घरी यायचा." त्यांनी म्हातारीकडे पाहिलं. "त्यो गेल्यापासून ही बोललीच न्हाय. आज इंजिनाचा तोच ठोका आयकून उठली."

 मुलाची गाडी अजून गोठ्यात तशीच आहे, आपण कुणाला तिला हात लावू देत नाही, असं बाबा सांगत होते. मी काही मागितलं नाही. तसल्या घरात काय मागणार? पण तोवर म्हातारी माझ्या बायकोपाशी गेली होती. मुलीच्या पायाचं प्लास्टर तिने हाताने चाचपलं आणि हळूच विचारलं, "काय झालंय गं लेकराला?" बायकोने सगळं सांगितलं, पाऊल, दवाखाना, पासिंग, तुटलेला सायलेन्सर. म्हातारीने ऐकून घेतलं. मग मुलीला आपल्या कडेवर घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "बालाच्या गाडीचा काढून द्या."

बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग गोठ्यात शिरले.

गोणपाट बाजूला केलं तर खाली तीच गाडी, तेच मॉडेल, आणि तिला कंपनीचा सायलेन्सर. बाबांनी तो नेमाने तेल लावून पुसलेला, त्यामुळे गंजाचा ठिपका नाही. नट सोडवायला आम्ही खाली बसलो. पाना बाबांनीच धरला, मी नुसता आधार दिला. माझ्या गाडीला तो असा बसला, जणू तिचाच होता. किक मारली तेव्हा इंजिनाचा संथ, घुमणारा ठेका अंगणभर पसरला. म्हातारी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. बाबा माझ्या कानाशी आले. "रडतेय," ते म्हणाले, "पोरगा गेला तवा पन रडली नव्हती." आणि तेही रडू लागले.

ठाण्याला त्याच साहेबांनी सायलेन्सरला हात लावून पाहिलं, इंजिन ऐकलं. "मिळाला म्हणायचा कुठेतरी," ते म्हणाले आणि त्यांनी गाडी पास केली. मी कागद घेतले आणि गाडी दवाखान्याकडे वळवली.  दवाखाना आटोपून परतताना आम्ही पुन्हा त्या अंगणात थांबलो. म्हातारीने भात रांधून ठेवला होता. मग दर आठवड्याला थांबत गेलो. मुलीने पहिली पावलं टाकली तीही त्याच अंगणात, म्हातारीचं बोट धरून, दोन्ही पावलं सरळ.

लोक म्हणतील, योगायोग. मी वाद घालत नाही. त्या सकाळी मला वाटत होतं की संकट माझं आहे आणि देवीने धावायचं तर माझ्यासाठी. पण तिला तर त्या घरी जायचं होतं. एका मुक्या झालेल्या आईपर्यंत तिच्या मुलाच्या गाडीचा आवाज पोचवायचा होता, आणि त्यासाठी तिने माझी गाडी नेमकी त्या दारात मोडली. हे उमगलं तेव्हा अंगावर काटा आला, तो आजही येतो. आता हात जोडतो तेव्हा पोचव असं म्हणत नाही. ज्या दारात थांबवायचं असेल त्या दारात थांबव, एवढंच म्हणतो.