दगड पोचेल तिथपर्यंत

नृसिंह कुलकर्ण्यांना ऐकू येत नाही, हे दमयंतीबाईंना पहिल्यांदा कळलं ते कुकरमुळे. सात शिट्ट्या झाल्या, डाळ करपली, आणि गृहस्थ ओट्यापासून चार हातांवर निवांत पेपर वाचत बसलेले. "लक्ष नव्हतं गं," म्हणाले. मग दारावरची बेल झाली, मग बाजारात मागून हॉर्न देणारा टेम्पो. दर वेळी लक्षच नव्हतं. कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की ते उठून पिसं निवडायला बसत.

पिसं म्हणजे कोंबड्याची. भिंगारच्या या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही, पण धनी मासे धरतात! लष्कराच्या एका कार्यालयात कारकून असताना हिमाचलकडच्या एका मेजरसाहेबांनी त्यांना ही विद्या शिकवली, तीही कोरड्या मैदानावर, पाण्याचा थेंब नसताना. बदली झाली तेव्हा साहेब आपली गळाची काठी देऊन गेले. साहेबांच्या डोंगरात ट्राऊट नावाचा मासा असतो म्हणे. नृसिंहरावांनी तो जन्मात पाहिलेला नाही. ते आपले प्रवरेवर जातात, अकोल्याच्याही वर, जिथे ती अजून डोंगरातली नदी आहे. चिकनच्या दुकानातून नुसती पिसं मागून आणायची, दोऱ्याने गळाला बांधून त्यांची माशी करायची, ती लांब दोरीने पाण्यावर अलगद ठेवायची. मासा लागला की दोन क्षण त्याच्याकडे बघायचं आणि सोडून द्यायचं. एवढ्यासाठी तीन तासांचा प्रवास!

आणि एक नियम. पाण्यात दगड टाकायचा नाही, मासे बुजतात. फार वर्षांपूर्वी दमयंतीबाईंनी एकदा सहज खडा भिरकावला होता, तर हे दोन दिवस अबोला धरून बसले होते.

त्या नदीवर वर धरण आहे. उन्हाळ्यात शेतीसाठी पाण्याचं आवर्तन सुटतं, आणि त्याआधी भोंगा वाजतो. भोंगा ऐकला की पात्रातून बाहेर यायचं, एवढं तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पण ऐकला तर ना! हे एके रात्री दमयंतीबाईंच्या डोक्यात आलं. कान गेलेत असं तोंडावर म्हणावं, तर नदी सुटणार. निवृत्तीनंतर या माणसाजवळ दुसरं होतं काय? न म्हणावं तर...

शेवटी त्या म्हणाल्या, "मीही येत जाईन. घरी कंटाळा येतो."

नृसिंहराव हरखले. "बघ, तुलाही नदीची गोडी लागली!"

गोडी कसली डोंबलाची. काठावरच्या खडकावर वाती वळत बसायचं आणि कान डोंगराकडे लावायचे. पोहता येत नव्हतं, पाण्याकडे बघितलं की जीव खालीवर व्हायचा. पाखरू ओरडलं तरी हातातली वात सुटायची. सात-आठ खेपा अशा झाल्या. दोनदा भोंगा झाला, दोनदा त्या उठल्या, "चला, जेवून घेऊ," म्हणाल्या, आणि नृसिंहराव निमूट बाहेर आले.

वैशाखातली गोष्ट. पुलापाशी चहाची टपरी चालवणाऱ्या रंगुबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "बाई, आज पानी सुटायचं हाय. भोंगा झाला की लई येळ लागत न्हाई बगा. मालकास्नी लांब जाऊ दिऊ नका."

पण मालक गेलेच. मधल्या काळ्या खडकापर्यंत, मांडीभर पाण्यातून. पलीकडच्या डोहात मोठा महसीर मासा वर येत होता, त्यामुळे काठाकडे पाठ.

अकराच्या सुमाराला भोंगा वाजला. दमयंतीबाई उठल्या. "अहो! चला!" पाठ हलली नाही. त्यांनी पदर हलवला, टाळ्या वाजवल्या, घसा फुटेस्तोवर ओरडल्या. दोरी हवेत मागे गेली, पुढे आली, माशी पाण्यावर बसली. भोंगा दुसऱ्यांदा वाजला. आणि मग काठाजवळचा एक ओला दगड, जो सकाळपासून पाण्याच्या वर होता, त्यांच्या डोळ्यांदेखत बुडाला.

हा माणूस आता माझ्यासमोर वाहून जाणार, आणि मी वाती वळत बसले होते. हात आपोआप खाली गेला. पहिला दगड अर्ध्यातच पडला. दुसराही. तेव्हा त्या साडीनिशी गुडघाभर पाण्यात शिरल्या, आयुष्यात पहिल्यांदा, आणि सगळा जीव एकवटून तिसरा फेकला. तो थेट डोहात, माशीच्या शेजारी आदळला.

नृसिंहराव गर्रकन वळले. चेहरा रागाने लाल. "अक्कल आहे का? मासा..." एवढंच म्हणाले. बायको पाण्यात उभी होती. त्यांनी खाली पाहिलं, पाणी कमरेला आलं होतं आणि गढूळ झालं होतं.

कसे आले ते त्यांनाच ठाऊक. दोनदा पडले, काठी मात्र सोडली नाही. दमयंतीबाईंनी त्यांचा दंड धरून वर ओढलं. थोड्या वेळाने काळा खडक दिसेनासा झाला.

नृसिंहरावांनी काठी खडकावर आडवी ठेवली.

"भोंगा किती वेळा वाजला?"

"दोनदा," त्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या. "अहो, तुम्हाला ऐकू येत नाही."

"ठाऊक आहे." ते नदीकडेच बघत होते. "वर्ष झालं. तू उठलीस की मी निघायचो. आज मासा बघितला, अन् तुझ्याकडे बघायचं राहिलं."

दमयंतीबाईंना रडू फुटलं. भीतीचं की रागाचं, त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढच्याच आठवड्यात कानाचं मशीन आलं. नदीवर ते कुचकामी ठरलं, त्यात पाण्याचीच खळखळ भरते. मग नृसिंहरावांनी वाकून वाकून मुठीत मावतील असे दगड वेचले आणि बायकोच्या शेजारी ढीग रचला.

"फेक. जोर लावून."

त्यांनी फेकला. तो जिथे पडला ती जागा नृसिंहरावांनी नीट पाहून ठेवली, तिच्या दोन पावलं अलीकडे जाऊन उभे राहिले आणि तिथूनच माशी टाकली. पलीकडे डोहात महसीर वर येत होता. दोरी तिथवर पोचत नव्हती. दमयंतीबाईंच्या एका हातात वात होती, दुसऱ्यात दगड.