हाताकडं बघा

"तोंडाकडं काय बघताय? हाताकडं बघा की." हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आजही कुणी गोड बोलायला लागलं तर माझी नजर आधी त्याच्या हातांवर जाते.

बोलपट यायच्या आधीची गोष्ट. भवानी पेठेजवळच्या मोकळ्या जागेत एका तंबूत मुके सिनेमे दाखवत. पडद्याच्या एका अंगाला लांब वेळूची काठी घेऊन ते उभे राहत आणि कुठं बघायचं ते लोकांना सांगत. आधी मराठीत, मग विणकर मंडळींसाठी तेलुगूत, "अक्कड चूडंडी," म्हणजे तिकडं बघा. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. दुसऱ्या अंगाला मी पेटी वाजवायचो. निदान माझा तसा समज होता.

एकदा मी म्हणालो, "मास्तर, लोकांना डोळे आहेत की."

"हायत. पर सगळ्यांचे नटीकडं. खिडकीतनं चोर आत आला, तुमाला दिसला का?"

मला दिसला नव्हता. तो सिनेमा मी आठवडाभर रोज बघत होतो. त्या संध्याकाळी चोरावर मी अशी पाळत ठेवली, की नायकाची आई मेली तेव्हा माझ्या पेटीवर लग्नाची चाल सुरू होती.

मग एके दिवशी खेळ रंगात असताना मागं यंत्रापाशी फिल्मनं पेट घेतला. प्रेक्षकांची तिकडं पाठ होती. तोंड होतं ते आम्हा दोघांचंच, आणि मी मान वळवून पडद्यावरच्या नटीकडं बघत होतो.

मास्तरांचा आवाज चढला नाही. काठी पडद्यावरून उचलून त्यांनी बाजूच्या कनातीवर नेली. "आता हितं बघा. बाहीर हत्तीवरनं वरात चाललीय. बायका-पोरं पुढं, बाकीचे मागनं." मग तेच तेलुगूत. कनात त्यांनी वर उचलून धरली, आणि त्या काठीच्या टोकाकडं बघत सगळा तंबू बाहेर पडला. कुणी मागं वळलं नाही, कुणी चेंगरलं नाही.

वरात म्हटल्यावर वाजंत्री हवीच, म्हणून मी आत बसून जोरात वाजवत राहिलो. शेवटी तेच धुरातून परत आले आणि मला गचांडी धरून बाहेर ओढलं. त्यांचं मनगट चांगलंच भाजलं होतं.

"तुमचीच वरात निघाली असती की," एवढंच म्हणाले.

पुढं बोलपट आले. पडदा स्वतःच बोलू लागला, गाऊ लागला. मालकानं आम्हा दोघांना एकाच दिवशी रजा दिली. मी गाण्याच्या शिकवण्या धरल्या. मास्तर रायचूरला लेकीकडं निघाले.

स्टेशनावर पोचवायला मी एकटाच होतो. इतकी वर्षं आम्ही एका पडद्याच्या दोन अंगांना होतो, पण त्यांनी माझ्याकडं कधी नीट पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. गाडी हलली. मास्तर खिडकीतून एकटक बघत होते. डोळे भरून आले होते. इतक्या मायेनं कुणाकडं बघताहेत म्हणून मी मागं वळून पाहिलं.

मागं रिकामं बाकडं होतं. मी परत वळेपर्यंत त्यांचा डबा पुढं निघून गेला होता.