विमानाची तहान

साखळीमामांना कुणी "किती लांब आहे?" असं विचारलं, की "जवळच आहे" असं उत्तर कधी मिळायचं नाही. "आपल्या दारापासून दापोडी टेसन सहाशे बारा पावलं. माझी पावलं. तुझी आठशे भरतील," असं ते मला सांगत. मोजणी खात्यात तीस वर्षं त्यांनी शेतांतून साखळी ओढली होती. आता मुलाकडे, आमच्या शेजारच्या खोलीत राहत.

अंतरामागोमाग वेळही सांगत, आणि त्यात पाण्याचा वेळ वेगळा धरत. "माणूस असू दे न्हाईतर बैल, वाटंत पाणी पिणारच. ते धरलं न्हाई तर समदं खोटं." त्यांच्या गावाहून, निघोज्याहून चालत येणारा पाहुणा त्यांनी सांगितलेल्या वेळेलाच दारात उभा राहायचा.

आमच्या ह्यांना कारखान्याने काम शिकायला सहा महिने लंडनला पाठवलं, तेव्हा माझा जीव उडून गेला. पण लंडन किती लांब, हे चारचौघांत विचारायची लाज. मामाच शाळेतला नकाशा घेऊन आले. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर माझ्या बोटाखाली धरायला लावलं, दुसरं लंडनला नेलं, मग दोरा नकाशाखालच्या मैलांच्या मापावर ठेवला.

"साडेचार हजार मैल. इमान तासाला तीनशे जातं, पेपरात आलंय. पंधरा तास. सांताक्रूझहून सकाळी सहाला उडालं की रात्री नवाला खाली. दुसऱ्या दिवशी दुपारपातूर तार."

"आणि पाण्याचं?" मी हळूच विचारलं.

"इमानाला कुठं तहान लागती, पोरी?" ते हसले.

दुसऱ्या दिवशीची दुपार गेली, संध्याकाळ गेली. तार नाही. मी चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मामा टोपी घालून पुण्याला विमानाच्या कचेरीत गेले. परतले ते थेट माझ्या उंबऱ्यावर बसले.

"काल सकाळीच सुखरूप उतरलंय. चुकलं माझं. कैरोला उतरतं, रोमला उतरतं, दर ठिकाणी तेल पितं. तू इचारलंस, अन् मी हसलो."

संध्याकाळी तार आली.

तेव्हापासून कुणालाही अंतर सांगून झालं की मामा सगळ्यांदेखत मला हाक मारत. "बघ गं, काय राह्यलं का?" आधी मी मान हलवायची. मग बोलू लागले.

ह्यांच्या परतीचं पत्र आलं तेव्हा मामा आजारी होऊन निघोज्याला गेले होते. जाताना दोरा मला देऊन गेले. मी एकटीने मोजलं, भागलं, पत्रात लिहिलेला दोन्हीकडच्या घड्याळांचा फरक धरला, मुंबईपासूनची आगगाडी धरली आणि कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांना अक्षर दिसत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"पाण्याचं धरलंस?"

"दर ठिकाणचं धरलं."

"मग येतोच त्यो."

हे मी मांडलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने दारात उभे राहिले. मामा दोन दिवस आधीच वारले होते.

आम्ही दोघं निघोज्याला गेलो. मामांचा मुलगा म्हणाला, "शेवटी मी त्यांना म्हटलं, दापोडीला जाऊन विचारून येऊ का, नक्की कधी येणार ते? तर म्हणाले, विचारायचं काय त्यात. तिनं मांडलंय."