घोटबाईचा आराखडा

पक्षाघात झालेल्या माणसाला पुन्हा गिळायला शिकवणं हे तिचं काम. म्हणून वॉर्डात सगळे तिला घोटबाई म्हणत, अगदी मोठे डॉक्टरसुद्धा. साधं पाणी चुकून श्वासनलिकेत उतरलं तर न्यूमोनिया होतो, म्हणून अशा रुग्णांना पावडर घालून दाट केलेलं पाणीच द्यायचं, असा नियम. स्वतःच्या वडिलांनाही तिने तेच भरवलं होतं. ते तोंड फिरवत, नळाकडे बोट दाखवत. तिने नियम मोडला नाही. ते गेले ते तहानलेलेच.

चाळिशी उलटल्यावर तिने पीएचडीला नाव घातलं, ते या पाण्यापायी. रुग्णाचं तोंड स्वच्छ करून, त्याला ताठ बसवून, चमच्याने साधं पाणी दिलं तर न्यूमोनिया खरंच वाढतो का? या अभ्यासाचा आराखडा परीक्षकांपुढे मांडायचा होता. तिने तो झपाट्याने लिहून काढला.

मार्गदर्शक बाईंनी तो वाचून चष्मा काढून ठेवला. साधं पाणी कोणाला द्यायचं हे कोण ठरवणार, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, मीच. आणि न्यूमोनिया झालाय की नाही हे कोण ठरवणार? तेही तीच.

"उत्तर तू आधीच ठरवून बसली आहेस," बाई म्हणाल्या. "मग अभ्यासाचा घाट कशाला घालतेस?"

हे तिच्या जिव्हारी लागलं. घरी येऊन तिने सगळा राग आईपुढे ओकला. आई भाजी निवडत ऐकत होती.

"पाणी चांगलं निघालं, तर बाबांना उगाच तहानलेलं ठेवलं असं होईल," आई म्हणाली. "तुला तेच ऐकायचंय का गं?"

इतके दिवस आपण स्वतःलाच शिक्षा करायला निघालो होतो, हे घोटबाईला कधी जाणवलंच नव्हतं.

मग तिने कंबर कसली आणि आराखडा मुळापासून बदलला. कोणाला कुठलं पाणी, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार. छाती तपासणाऱ्या डॉक्टरला त्याचा पत्ता नसणार. न्यूमोनिया वाढतोय असं दिसलं तर अभ्यास थांबवायचा, आणि तो निर्णयही बाहेरच्या तज्ज्ञांचा. एकेक दोर हातातून सोडताना जीव खालीवर झाला, पण तिने सोडले.

परीक्षेत परीक्षकांपैकी फुप्फुसांच्या वयस्क डॉक्टरांनी तिला चांगलंच पिळून काढलं. शेवटी ते म्हणाले, "आणि पाणी घातक निघालं तर?"

"तर तसं मीच लिहीन, सर."

त्यांनी मंजुरी दिली, पण एका अटीवर: ज्यांना नीट खोकून श्वासनलिकेत गेलेलं पाणी बाहेर टाकता येत नाही, अशांना यात घ्यायचं नाही. मुद्दा बिनतोड होता आणि तिच्या नजरेतून सुटला होता. तिने तो मुकाट्याने मान्य केला.

बाहेर आल्यावर मार्गदर्शक बाईंनी पाठ थोपटली आणि खरी झाडाझडती तर रुग्णांवरच्या अभ्यासाला परवानगी देणारी नीतिसमिती घेईल, असंही बजावलं. घोटबाईने मान हलवली, तिथल्याच बाकावर बसली आणि खोकल्याचा परिच्छेद लिहायला घेतला.