सुभेदार वळला

आमची पोस्टिंग मुलुंडला. डोंगराच्या पायथ्याशी बैठी चाळ, तिची शेवटची खोली. मागे दहा हात मोकळी जागा, भोवती जाळी, पत्र्याचं खुराडं. स्ट्रेंथ : सहा कोंबड्या, एक कोंबडा.

हे शब्द माझे नाहीत. आमचे हे चोवीस वर्षं पलटणीत होते. हवालदार म्हणून घरी आले. आठवण सांगताना आधी जागा, मग वेळ, मग माणसं, अशी त्यांची रीत. मी चौथी शिकलेली. मला दुसरी रीत येत नाही.

कोंबड्याला सुभेदार हे नाव त्यांनीच दिलं. "मी हवालदारच राहिलो. घरात एक तरी वरचा रँक पाहिजे," म्हणायचे. रोज साडेपाचला खुराड्यासमोर ताठ उभे राहायचे.

"राम राम, सुभेदारसाब. रिपोर्ट?"

तो आरवायचा.

"ऑल ओके. चहा पाठव, ओव्हर," हे मला आत ओरडून सांगायचे.

दाणे टाकण्याआधी शिट्टी. शिट्टी झाली की कोंबड्या पायरीपाशी फॉल इन. सुभेदार सगळ्यांत शेवटी यायचा, कुणी मागे राहिली नाही हे बघून. चोचीतलं काहीही टाकून यायचा. ह्यांनी त्याला पिल्लू असल्यापासून तसं लावलं होतं.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. शिट्टी मी कधी वाजवली नाही. सगळ्या चाळीला ऐकू जाते, मला लाज वाटायची. मी ताटलीवर चमचा वाजवायचे. कोंबड्या धावत यायच्या. सुभेदार यायचा, पण आपल्या चालीने. त्याच्या लेखी हुकूम म्हणजे शिट्टी.

यंदा मे महिन्यात नणंद गावाहून आली. पिशवीत तांबडा, तरणा कोंबडा. पाय बांधलेले.

"वयनी, ह्यो ठेव. तुझो म्हातारो झालो. त्येका कापूया. वडे मी करतंय."

"तो कापायचा नाही, वन्सं."

"मगे? एका खुराड्यात दोन कोंबे? मारतले एकमेकांक."

मला उलट बोलायला जमत नाही. तरी म्हणाले, "आठ दिवस द्या. दोघं नांदले तर दोघंही राहतील."

"बरा. आठ दिस," ती म्हणाली आणि घाटकोपरला लेकाकडे गेली.

नवीन जवान पलटणीत आला की पहिला आठवडा त्याने नुसतं बघायचं, असं हे सांगत. मी तसंच केलं. नव्याला जाळीपलीकडे ठेवला. दाण्याची भांडी दोन, पाण्याची दोन. पहिले तीन दिवस सुभेदार जाळीवर धडका देत होता. चौथ्या दिवशी नुसत्या फेऱ्या मारू लागला. सातव्या दिवशी दोघं जाळीच्या दोन बाजूंनी समोरासमोर दाणे टिपत होते. मला बरं वाटलं. ह्यांना सांगावंसं वाटलं.

आठव्या दिवशी सकाळी ६.४० ला मी मधली जाळी काढली.

शेजारची सविता कुंपणावरून बघत होती. "काकू, सासू-सुनेची भेट घालताय का?"

"गप गं."

पाच मिनिटं काही झालं नाही. ६.४५ ला नव्याने मानेची पिसं फुलवली. सुभेदार कोंबड्यांच्या पुढे आला. पहिली उडी नव्याची. दुसरी सुभेदाराची. मग धूळ आणि पिसं, कोण कुठला ते कळेना. सुभेदार म्हातारा होता, पण मागे हटत नव्हता. एकदा त्याने नव्याला पार कुंपणापर्यंत रेटला.

"काकू, पाणी मारा! अहो, पाणी!"

पाणी सातला येतं. बादली रिकामी होती. मी ताटली वाजवली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. सुभेदाराच्या तुऱ्यातून रक्त येत होतं. मी आत गेले, खिळ्यावरची शिट्टी काढली आणि जन्मात पहिल्यांदा वाजवली.

सुभेदार थांबला.

लढता लढता थांबला आणि पायरीकडे वळला. नव्याला शिट्टी ठाऊक नव्हती. त्याने मागून उडी घेतली. पायामागचा काटा सुभेदाराच्या मानेत गेला.

सविता कुंपण ओलांडून आली. तिने नव्याला टोपलीखाली कोंडला. सुभेदार पायरीपर्यंत चालत आला. अर्ध्यात थांबून त्याने कोंबड्यांकडे पाहिलं. मग माझ्या पायाशी बसला. ७.०५ ला गेला.

"काकू, तुम्ही रडा ना जरा," सविता म्हणाली. ती समोर होती म्हणून मी भांडी घासायला बसले. ह्यांच्या वेळीही घरात माणसं होती.

दुपारी नणंदेचा फोन आला. "काय गो, कोण ऱ्हवलो?"

"नवा."

"मगे रस्सो केलंस?"

"नाही. शेवग्याखाली पुरला."

"बरा केलंस," ती म्हणाली. "भावाचो होतो तो."

नव्याला मी दाणापाणी देते. त्याचा दोष नाही. तो जिंकलाही नाही.

सुभेदार. वय सहा वर्षं. अंगावर आलेल्याला त्याने पाठ दाखवली नव्हती. हुकूम ऐकला म्हणून दाखवली. चूक त्याची नाही, हुकूम देणारीची आहे. ही गोष्ट मी सविताला सांगितली नाही, नणंदेला सांगितली नाही. ह्यांना सांगितली असती. ते रागावले असते, आणि मग शेवग्याखाली जाऊन ताठ उभे राहिले असते.