साहेबांची एकट्याची न्याहारी

सकाळी गार दुधात कॉर्नफ्लेक्स बुडवून खाणाऱ्याला पोलिसांत द्यायला हवं, अशा नजरेने बघणारा माणूस अख्ख्या सिंगापुरात एकच होता, आणि तो नेमका माझ्या नवऱ्याचा साहेब होता. अजित बँकेत लागला तेव्हा हे साहेब त्याच्या डिपार्टमेंटचे प्रमुख होते. पुढे ते रिटायर झाले, अजितने बँक बदलली, तरी आमच्या घरात त्यांचं नाव 'साहेब'च राहिलं. लग्न केलेलं नाही, यिशुनला एका छोट्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे, उंच, जरासे वाकलेले, आणि इथल्या घामट हवेतही शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. राजकारण, क्रिकेट, घरांच्या किमती, कशाचाच त्यांना राग येत नसे. सकाळच्या गार खाण्याचा मात्र यायचा, आणि आला की दुपारपर्यंत उतरत नसे.

बाकीचे लोक फोनवर 'हॅलो' म्हणतात, साहेब "पोटात गरम काय गेलं?" असं विचारत. बँकेतल्या सकाळच्या मीटिंगमध्ये आकड्यांच्या आधी हाच प्रश्न. पुण्याहून नवा आलेला एक मुलगा "सर, बनाना" म्हणाला, तर साहेबांनी त्याला भर मीटिंगमधून उठवून गरम काही खायला खालच्या हॉकर सेंटरच्या स्टॉलवर पिटाळलं होतं. "केळं हे फळ आहे. ते झाडावर असतानाही गारच असतं," असं वर ऐकवलंही होतं. अजित घरी येऊन याची हुबेहूब नक्कल करायचा आणि आमची सई, तेव्हा लहान होती, सोफ्यावर लोळून हसायची. हॉकर सेंटरमध्ये साहेब तांदळाच्या पॉरिजच्या वाटीला उलटा हात लावून बघत, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा, आणि समाधान झालं नाही तर वाटी परत करत. तिथली चिनी आंटी सुरुवातीला भडकायची. "अंकल, ऑलरेडी व्हेरी हॉट लाह!" पुढे पुढे मात्र साहेब रांगेत दिसले की ती आपणहून पातेल्याखालची आच वाढवायची. मला वाटतं, आपल्या पॉरिजकडे इतक्या गंभीरपणे बघणारं गिऱ्हाईक तिलाही दुसरं मिळालं नसावं.

आपला सगळा स्वयंपाक हा चार माणसांनी मिळून एकट्या माणसाविरुद्ध केलेला कट आहे, असं साहेबांचं ठाम मत होतं. कोणालाही कृती विचारा, ती चौघांची निघते. कढई चौघांची, फोडणी चौघांची, आणि एकट्याने केलं की तेच पुन्हा दुपारी आणि रात्री खायचं. म्हणून त्यांनी एकेक पदार्थ धरून आणला आणि आपल्या मापाला बसवला. तळहाताएवढी लोखंडी कढई त्यांनी सांगलीहून मागवली होती. तिच्यात मूठभर रव्याचा उपमा असा व्हायचा की शेवटचा घास संपला की कढई पुसल्यासारखी स्वच्छ. शिळ्या पावाचा चुरा फोडणीला टाकून वर लिंबू पिळलेलं. रात्रीचा उरलेला भात गरम पाण्यात मऊ करून त्यावर तूप-मेतकूट. वाटीभर ताकात तांदळाचं पीठ कालवून केलेली उकड, लसणाच्या फोडणीची, वर कच्च्या तेलाची धार. ओट्सचाही त्यांना विटाळ नव्हता. "घोड्याचं खाणं आहे, मान्य. पण हिंग-मोहरी-कढीपत्ता घोड्याला कोण देतो?" असं म्हणत ते ओट्सचा तिखट सांजा करायचे आणि तो खरोखर चांगला लागायचा.

हे सगळं आम्ही वर्षानुवर्षं गंमत म्हणून ऐकलं. आम्ही तिघं होतो, आमची कढई मोठी होती. एकट्याच्या न्याहारीशी आमचा काय संबंध?

अजित गेला तो एका साध्या मंगळवारी. ऑफिसात लिफ्टची वाट बघत उभा होता, तिथेच कोसळला. मी कामावरून निघून नोव्हेनाच्या हॉस्पिटलात पोचले तेव्हा डॉक्टर मुलगी फार हळू आवाजात, फार चांगल्या शब्दांत जे सांगत होती, ते मला तिच्या चेहऱ्यावरून आधीच कळलं होतं. सई मेलबर्नला शिकत होती, ती आली. माझा भाऊ आला. टॅम्पिनीसचा आमचा फ्लॅट माणसांनी भरला आणि दारासमोर चपलांचा ढीग लागला. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी पाळी लावून डबे पाठवले. मग भाऊ परत गेला, सईची परीक्षा होती, तीही गेली. जाताना मिठी मारून म्हणाली, "आई, यू मस्ट ईट, ओके? प्रॉमिस?" मी प्रॉमिस केलं. डबे हळूहळू बंद झाले, आणि ते बरोबरच होतं, लोकांना आपापली घरं असतात.

मी ऑफिसला जायला लागले. सकाळी उठायचं, अंघोळ करायची, काळी कॉफी प्यायची, निघायचं. दुपारी कोणी समोर ठेवलं तर खायचं. फ्रीजमध्ये लोकांचे डबे तसेच होते, मी दार उघडून त्यांच्याकडे बघायची आणि बंद करायची. कपडे सैल व्हायला लागले. ऑफिसातली एक पोरगी म्हणाली, "वा, सो स्लिम!"

एका शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात साहेब, हातात कापडी पिशवी. लोक येऊन जे बोलतात, धीर धर, देवाची इच्छा, त्यातलं एक अक्षर ते बोलले नाहीत. चपला काढल्या, सरळ स्वयंपाकघरात गेले आणि फ्रीज उघडला. आतला वास बाहेर आला. एकेक डबा काढून त्यांनी रिकामा केला, शर्टाच्या बाह्या दुमडून सगळे डबे घासले, पालथे घातले. मी दारात उभी राहून बघत होते. मला संकोच वाटायला हवा होता, पण तेवढंही त्राण नव्हतं. मग पिशवीतून त्यांची ती कढई निघाली, रवा निघाला.

"साहेब, मला नको," मी म्हटलं. "एकटीसाठी कोण करत बसणार?"

"एकटीसाठी एकटीनेच करायचं," ते कांदा चिरता चिरता म्हणाले. "मग काय सरकार येऊन करून देणार आहे?"

मी उपमा खाल्ला. चव कळली नाही. गरम आहे एवढं कळलं.

"उद्या तू कर. मी बघायला येतो," म्हणाले, आणि कढई तिथेच ठेवून गेले. यिशुनहून टॅम्पिनीसला सकाळी यायचं म्हणजे सत्तरी गाठलेल्या माणसाला चांगली यातायात होती. पण दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. मी रवा भाजला, पाणी घातलं, झाकण ठेवलं. त्यांनी झाकण उचललं आणि कढईत बघत राहिले. उपमा काठापर्यंत आला होता.

"मंजिरी, हा दोघांचा झालाय."

मी बघितलं. माझ्या हाताने रवा घेतला होता, मी घेतला नव्हता. इतकी वर्षं रोज सकाळी जेवढा घेत होता तेवढाच घेतला होता. मी ओट्याला धरून खाली बसले आणि रडले. तो गेल्यापासून मी नीट रडले नव्हते, ते सगळं त्या दिवशी बाहेर आलं. साहेबांनी गॅस बंद केला, दोन ताटल्या काढल्या, घरून खाऊन आले असतानाही समोर बसून अर्धा उपमा शांतपणे खाल्ला. "आज चालेल," म्हणाले. "हाताला हळूहळू कळेल."

हाताला कळायला बरेच दिवस गेले. ज्या सकाळी उपमा नेमका एकटीपुरता झाला ती सकाळ मला आठवते. साहेब त्या दिवशी आले नव्हते, पण आता ते रोज सकाळी फोन करत. मी सांगितलं, "आज उरला नाही." त्यांना वाटलं मला आनंद झाला असेल. मला वाटलं, आता अजित खरोखरच गेला. पण मी खाल्ला.

एकदा उकड ढवळताना मी त्यांना विचारलं, हे न्याहारीचं खूळ तुमच्या डोक्यात आलं कुठून? ते म्हणाले, "तू ढवळत राहा, गुठळ्या होतील." आणि भांड्याकडे बघतच बोलले. इथे आले तेव्हा ते आणि एक मित्र भाड्याच्या एका खोलीत राहायचे. मित्राची नोकरी गेली, इथे राहायच्या पासची मुदत संपत आली, गावाकडे त्याने कळवलं नव्हतं. "तो आधी सकाळचं खायचा बंद झाला. मला वाटलं, भूक नसेल. मी घाईत असायचो. मग हळूहळू बोलायचा बंद झाला. एक दिवस मी कामावर असताना पोलिसांचा फोन आला." उकड खदखदायला लागली होती. "उपम्याने तो वाचला असता असं मी म्हणत नाही. एवढा मूर्ख नाही मी. पण मी विचारलं असतं, तर तो काहीतरी बोलला असता. झाकण ठेव आता."

त्यानंतर मला त्यांच्या फोनचं कधी हसू आलं नाही. बँकेतल्या त्या केळंवाल्या पोरात ते काय बघत होते तेही कळलं.

मग त्यांना गिळताना त्रास व्हायला लागला. सुरुवातीला त्यांनी ते थालीपिठावर ढकललं, पीठ जाड दळलंय म्हणाले. मग पोह्यांवर. शेवटी मीच त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. अन्ननलिकेचा कॅन्सर होता आणि तो बराच पुढे गेला होता. साहेबांनी निदान ऐकून घेतलं आणि डॉक्टरला विचारलं, "सो व्हॉट कॅन आय हॅव फॉर ब्रेकफास्ट?" डॉक्टरला वाटलं, त्यांना धक्का बसलाय.

आता मी शनिवार-रविवार यिशुनला जायला लागले. त्यांची न्याहारी महिन्या-महिन्याला पातळ होत गेली. उपमा सुटला, मऊ भात सुटला, उकड बरेच दिवस टिकली, मग तीही सैल करावी लागली, मग नाचणीची पेज गाळून. प्रत्येक पदार्थ सुटताना ते एखाद्या सहकाऱ्याला निरोप द्यावा तसे, "चांगला होता," म्हणायचे. शेवटी पोटाला नळी बसवली आणि डब्यातलं दुधाळ अन्न आलं. घरी येणारी नर्स फिलिपिनो होती, कामाला चोख आणि प्रेमळ. तिने डबा उघडला तसा साहेबांनी त्याला उलटा हात लावला.

"कोल्ड."

"रूम टेम्परेचर, अंकल. कॅन, ओके."

"रूम टेम्परेचर इज नॉट अ ब्रेकफास्ट," साहेब म्हणाले. आवाज बसला होता, पण मीटिंग घेत असल्यासारखा सूर होता. तिने माझ्याकडे बघितलं, मग हसून डबा कोमट पाण्यात ठेवला. "जस्ट लिटिल बिट वॉर्म, हां." ते अन्न नळीतून जात असताना साहेब डोळे मिटून पडले होते. "जिभेला कळत नाही," मला म्हणाले, "पोटाला कळतं."

शेवटच्या दिवसांत त्यांनी एक विचित्र हट्ट धरला. मी त्यांच्याकडे गेले की माझी न्याहारी त्यांच्याच ओट्यावर करायची आणि त्यांच्यासमोर खायची. ज्याला पाण्याचा घोट उतरत नाही त्याच्यासमोर घास घ्यायचा, मला ते फार क्रूर वाटायचं. मी घरून खाऊन आले असं खोटं सांगून पाहिलं. "काय खाल्लंस?" विचारलं, आणि मी अडखळले. मग केलंच. फोडणी तडतडली, वास खोलीभर झाला, आणि साहेब अंथरुणातून म्हणाले, "लसूण करपला." खरंच करपला होता. मी खात होते आणि ते माझ्या ताटलीकडे बघत होते, लोक टीव्ही बघतात तसे, सगळं लक्ष देऊन.

त्या दिवशी निघताना म्हणाले, "मी गेल्यावर तुला फोन कोण करणार?"

"कोणी नाही, साहेब."

"हं. मग तू कर कोणाला तरी."

मी सईला करते. ती म्हणते, "आई, टोस्ट लाह, ऑलरेडी लेट." टोस्ट गरम असतो, मी सोडून देते.

साहेबांना शेवटी हॉस्पिसमध्ये, शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांना सांभाळतात तिथे, हलवलं. तिथून फोन आला तेव्हा मी टेबलाशी होते, समोर मुगाचं धिरडं, तव्यावरून नुकतंच उतरलेलं. पलीकडची बाई म्हणाली, पहाटे गेले, झोपेतच, तुम्ही सावकाश या. मी फोन ठेवला. पहिल्यांदा उठायला गेले, मग पुन्हा बसले. घाई करण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं. धिरडं गार व्हायच्या आत मी सबंध खाल्लं, रडत रडत, पण खाल्लं. तवा धुतला. मग निघाले.

तिथे गेले तर दारात एक तरुण नर्स होती, मला न ओळखणारी. तिने त्यांचे केस विंचरले होते, शर्टाचं वरचं बटण मात्र उघडं होतं, ते काचेतून दिसत होतं. "आंटी, यू आर हिज हू?" तिने विचारलं. नवऱ्याचे जुने साहेब, हे इंग्रजीत सांगायला गेले असते तर फारच लांबचं काहीतरी वाटलं असतं. फ्रेंड म्हणावं, तर तेही पुरेना. मला मराठीतही शब्द सापडेना.

"फॅमिली," मी म्हटलं, आणि ती बाजूला झाली.